थॅचरबाईंनी पाठवलेला माणूस

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं आणि 'म्हणजे'चा पाऊस जमेल तेवढा गाळलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आज दोन तारखांपासून सुरुवात करू. पहिली, ३१ डिसेंबर १९९२. दुसरी, ३१ डिसेंबर २०२०. मधे बरोबर अठ्ठावीस वर्षं.

पहिली तारीख म्हणजे युरोपचं सिंगल मार्केट पूर्ण करायची ठरलेली मुदत. सगळ्या सदस्य देशांची मिळून एकच बाजारपेठ, आत कुठे नाका नाही, अडवणूक नाही. दुसऱ्या तारखेला ब्रिटन त्या बाजारपेठेतून बाहेर पडला. आता गंमत बघा. पहिली तारीख पाळता यावी म्हणून ज्या माणसाने सगळी कामं एकेक करून कागदावर मांडली, तो माणूस ब्रिटिश होता. आणि त्याला तिथे पाठवलं होतं मार्गारेट थॅचर यांनी.

त्यांचं नाव आर्थर कॉकफील्ड. ब्रेक्झिटवर बोलताना थॅचर, कॅमेरॉन, जॉन्सन ही नावं हटकून येतात. कॉकफील्ड फार तर तळटीपेत सापडतात. मला वाटतं त्यांची गोष्ट नीट कळली तर ब्रेक्झिटचं निम्मं भांडण कळतं, कारण ते भांडण तीस वर्षं आधी या एका माणसाच्या नोकरीवरून होऊन गेलं होतं.

हे गृहस्थ कोण?

जन्म सप्टेंबर १९१६, इंग्लंडमधलं हॉर्शम गाव. त्यांच्या जन्माच्या महिनाभर आधी वडील सॉमच्या लढाईत मारले गेले होते. युरोपच्या ऐक्याची गोष्ट सांगताना अशा आठवणी काढून डोळ्यांत पाणी आणायची एक पद्धत आहे. कॉकफील्ड त्या पठडीतले नव्हते. त्यांचा जीव रमायचा आकड्यांत आणि कायद्याच्या कलमांत. डोव्हरला शाळा केली, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जी आपल्याला बाबासाहेबांमुळे माहीत आहे, आणि १९३८ मध्ये ब्रिटनच्या कर खात्यात नोकरी. तिथे ते सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले, पुढे खात्याचे आयुक्त.

मग सरकारी नोकरी सोडून गेले औषधांच्या कंपनीत. बूट्स. १९५३ मध्ये वित्त संचालक, १९६१ ते १९६७ व्यवस्थापकीय संचालक. आपल्या घरच्या औषधांच्या डब्यात ब्रुफेनची गोळी असते ना, ते आयबुप्रोफेन बूट्सच्याच नॉटिंगहॅमच्या प्रयोगशाळेतलं. त्याच्या पेटंटचा अर्जही १९६१ चाच. शोधाशी कॉकफील्ड यांचा संबंध नाही, पण त्या काळात कंपनीचा गाडा ते हाकत होते. पुढे रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्ष, १९७३ ते १९७७ किंमत आयोगाचे अध्यक्ष, १९७८ मध्ये लॉर्ड. किताब घेतला तो 'ऑफ डोव्हर', म्हणजे डोव्हरचे लॉर्ड कॉकफील्ड. हे डोव्हर लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

१९७९ ला थॅचरबाई पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी कॉकफील्ड यांना आधी अर्थखात्यात राज्यमंत्री केलं, मग १९८२ मध्ये व्यापारमंत्री. म्हणजे करवसुली माहीत, कंपनी चालवून झालेली, मंत्रिमंडळात बसून झालेलं. फक्त एक गोष्ट राहिली होती: लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात ते कधीही बसले नाहीत. हीही गोष्ट लक्षात ठेवा.

१९८४ मध्ये युरोपीय आयोगावर ब्रिटनचे दोन नवे आयुक्त पाठवायचे होते. एक जागा विरोधी मजूर पक्षाला जायची प्रथा होती, तिथे स्टॅन्ली क्लिंटन-डेव्हिस गेले. दुसरी थॅचरबाईंच्या पक्षाची. त्यांनी निवडलं कॉकफील्ड यांना. वय अडुसष्ट. माणूस विश्वासातला, हिशोबाला पक्का, भावनेत वाहून न जाणारा. ब्रसेल्समध्ये आपला माणूस असावा तर असाच, असं कुणालाही वाटलं असतं.

नाकी गेली, पण रांगा राहिल्या

आता त्या वेळचा युरोप बघू. तेव्हा दहा देश होते, १९८६ पासून स्पेन आणि पोर्तुगाल धरून बारा झाले. मूळच्या देशांनी आपापसातलं आयात शुल्क जुलै १९६८ मध्येच रद्द केलं होतं. मग प्रश्न उरलाच कुठे?

मुलुंड किंवा दहिसरच्या जकात नाक्यावरची ट्रकांची रांग ज्यांना आठवते, त्यांना हे पटकन कळेल. शुल्क शून्य झालं म्हणून ट्रक थांबायचा थांबत नाही. माल कुठला, त्यावर व्हॅट कुणाचा, मांस असेल तर पशुवैद्याने पाहिलंय का, यंत्र असेल तर आमच्या देशाच्या मानकात बसतं का, आकडेवारीसाठी अर्ज भरला का. प्रत्येक देशाचे अर्ज वेगळे. फेब्रुवारी १९८४ मध्ये ट्रकवाल्यांचा संयम सुटला. इटलीच्या कस्टम कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे आल्प्समधल्या सीमांवर ट्रक अडकून पडले आणि चिडलेल्या चालकांनी फ्रान्सचे रस्ते अडवून धरले.

नाक्यावरचा खोळंबा निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारे अडथळे आणखी चिवट होते. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एक फ्रेंच मद्य, कासिस द दिजों. जर्मनीतल्या रेवे या कंपनीला ते आयात करायचं होतं. जर्मन कायदा म्हणाला, फळांच्या लिकरमध्ये किमान २५ टक्के अल्कोहोल हवं. यात १५ ते २० टक्केच आहे, सबब विकता येणार नाही. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं. तिथे जर्मन सरकारने काय युक्तिवाद केला असेल? की कमी अल्कोहोलची पेयं जास्त घातक, कारण त्यांनी लोकांना हळूहळू सवय लागते! न्यायाधीशांनी हे काही मनावर घेतलं नाही. फेब्रुवारी १९७९ मध्ये निकाल लागला. त्यातून निघालेलं तत्त्व थोडक्यात असं: एका देशात कायदेशीरपणे बनलेला आणि विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने तसंच भक्कम कारण असल्याशिवाय अडवायचा नाही.

या एका निकालाने आयोगाला मोठी पळवाट सापडली. तोपर्यंत पद्धत अशी होती, की प्रत्येक वस्तूसाठी सगळ्या देशांनी एकच नियम एकमताने ठरवायचा. एकाने मान हलवली की काम ठप्प. वास्तुविशारदांच्या पदव्या एकमेकांच्या देशात मान्य कराव्यात, एवढ्या एका नियमाला सतरा वर्षं लागली. सतरा! त्या वेगाने गेलं असतं तर आजही चॉकलेट आणि जॅमच्या व्याख्या चालू असत्या.

थॅचरबाईंना हे सगळं मोडून काढायचं होतं, हे नीट लक्षात घ्या. आज त्यांच्याकडे युरोपच्या विरोधक म्हणून पाहिलं जातं. पण १९८४ मध्ये वर्गणीच्या परताव्याचा वाद मिटल्यावर ब्रिटन सरकारनेच बाकीच्या देशांना टिपण दिलं होतं, की आता खरी खुली बाजारपेठ करू या. ब्रिटनच्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांना तिकडचे दरवाजे उघडून हवे होते. त्यामुळे आयोगाचे नवे अध्यक्ष, फ्रान्सचे समाजवादी जाक दलोर, यांनी अंतर्गत बाजारपेठेचं खातं कॉकफील्ड यांना दिलं तेव्हा लंडनमध्ये कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

यादी

जानेवारी १९८५ मध्ये कॉकफील्ड कामावर रुजू झाले. दलोर यांनी युरोपच्या संसदेत १९९२ ची मुदत बोलून दाखवली. आणि १४ जून १९८५ ला, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, कॉकफील्ड यांची श्वेतपत्रिका तयार होती.

योगायोग असा, की त्याच दिवशी पाच देशांनी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी माणसांच्या तपासणीची नाकी काढायचा करार केला. ती गोष्ट वेगळी आणि ब्रिटन त्यात कधीच गेला नाही. आपण मालाच्या गोष्टीत राहू.

या श्वेतपत्रिकेत जवळजवळ ३०० कामांची यादी होती. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहिलेल्या: आयोग प्रस्ताव कधी मांडणार आणि मंत्र्यांनी तो कधीपर्यंत मंजूर करायचा. शेवटची तारीख ३१ डिसेंबर १९९२. यादीत खेळण्यांची सुरक्षितता होती, प्राण्यांच्या तपासण्या होत्या, बँकांचे परवाने होते, पदव्यांची मान्यता होती, पैशाची ने-आण होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यातल्या कामांपेक्षा तिची रचना आवडली. ३०० कामांची यादी बैठकीत ठेवली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातली महत्त्वाची दहा कुठली? दहा निवडली जातात आणि उरलेली २९० कुणाच्याही लक्षात राहत नाहीत. कॉकफील्ड यांनी ही सोयच ठेवली नाही. त्यांचं म्हणणं असं, की हे अडथळे एकमेकांना धरून उभे आहेत. मानकं एक केली पण नाक्यावरचा अर्ज राहिला, तर ट्रक थांबणारच. अर्ज काढला पण कराची वसुली नाक्यावर राहिली, तरी ट्रक थांबणारच. म्हणून सगळं किंवा काहीच नाही.

दुसरी चलाखी मांडणीत होती. यादी त्यांनी उद्योगांप्रमाणे लावली नाही. 'पोलाद', 'बँका', 'शेती' अशी प्रकरणं केली असती तर प्रत्येक मंत्र्याने थेट आपलं पान उघडून भांडण सुरू केलं असतं. त्याऐवजी तीन भाग केले: भौतिक अडथळे, तांत्रिक अडथळे, कराचे अडथळे. कुणाचं नुकसान कुठल्या पानावर आहे ते चटकन सापडत नाही. दोनच आठवड्यांनी मिलानला सगळे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष जमले. २८ आणि २९ जूनच्या त्या बैठकीत ही योजना स्वीकारली गेली. स्वीकारणाऱ्यांत थॅचरबाईही होत्या. तिसऱ्या भागासह.

त्या तिसऱ्या भागाकडे आपण येऊच. त्याआधी मिलानचं आणखी एक नाट्य. इटलीचे पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी तिथे अचानक मतदानच घेतलं: मूळ करारात बदल करायला परिषद बोलवायची का? सात विरुद्ध तीन. ब्रिटन, डेन्मार्क आणि ग्रीस विरोधात. थॅचरबाई संतापल्या, कारण अशा बैठकीत मतदान होतच नसे. पण त्या परिषदेतून जो करार निघाला, तो सिंगल युरोपियन ॲक्ट, त्यावर त्यांनी सही केली आणि आपल्या संसदेत तो मंजूरही करून घेतला. १ जुलै १९८७ पासून तो लागू झाला.

सही का केली? कारण त्यांना यादी हवी होती. आणि एकमताच्या जुन्या पद्धतीने यादी पूर्ण व्हायला शे-दीडशे वर्षं लागली असती. नव्या करारात बाजारपेठेच्या बहुतेक कामांना विशेष बहुमत पुरे झालं: एकूण ७६ मतांपैकी ५४. ब्रिटनची मतं १०. म्हणजे ब्रिटन एकटा काही रोखू शकत नव्हता, पण फ्रान्स किंवा जर्मनीही एकटे ब्रिटनच्या बँकांना रोखू शकत नव्हते. हा सौदा होता आणि तो डोळे उघडे ठेवून केलेला होता. एकमत शिल्लक ठेवलं ते मोजक्या विषयांत. त्यात पहिला होता कर.

त्यानंतर कामं खरोखर होऊ लागली. जानेवारी १९८८ पासून सीमेवरच्या सुमारे ७० वेगवेगळ्या अर्जांच्या जागी एकच अर्ज आला. मे १९८८ मध्ये खेळण्यांचा नियम झाला. त्यात नवी पद्धत अशी, की कायद्यात फक्त सुरक्षिततेच्या आवश्यक अटी लिहायच्या, बारीकसारीक मापं मानक संस्थांवर सोपवायची आणि अटी पाळल्या की वस्तूवर खूण करायची. तुमच्या चार्जरवर जे 'सीई' असं गोलसर अक्षरांतलं चिन्ह दिसतं ना, ते याच पद्धतीतून जगभर पोचलं. जून १९८८ मध्ये पैशाची ने-आण मोकळी करायचा नियम झाला, डिसेंबरमध्ये पदव्यांचा. वास्तुविशारदांना सतरा वर्षं लागली होती. आता एकाच नियमाने बहुतेक व्यवसायांच्या पदव्या मार्गी लागल्या.

भांडण कशावरून झालं

आता तिसरा भाग. कर.

आपल्याकडे २००५ पासून राज्यात व्हॅट होता, त्यामुळे ही भानगड समजायला सोपी आहे. माल देशाबाहेर गेला की तिथला व्हॅट परत मिळायचा आणि दुसऱ्या देशात शिरताना तिथला व्हॅट भरावा लागायचा. हा हिशोब कुठे व्हायचा? सीमेवर. म्हणजे नाकं ही नुसती खोड काढायला बसवलेली नव्हती, तिथे प्रत्येक देशाचा महसूल गोळा होत होता.

कॉकफील्ड यांचा तर्क सरळ होता. नाकी काढायची म्हणता? मग हा हिशोब सीमेवर करता येणार नाही. आणि सीमा मोकळी असताना एका देशात व्हॅट १२ टक्के नि शेजारी २२ टक्के असेल, तर लोक गाड्या काढून शेजारच्या गावात खरेदीला जातील. म्हणून दर अगदी एक नाही, पण जवळ आणले पाहिजेत. १९८७ मध्ये त्यांनी प्रस्ताव ठेवला: सर्वसाधारण दर १४ ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात, जीवनावश्यक वस्तूंचा ४ ते ९ टक्क्यांच्या पट्ट्यात.

ब्रिटनचा सर्वसाधारण दर होता १५ टक्के, तो पट्ट्यात बसत होता. पण ब्रिटनमध्ये अन्न आणि लहान मुलांच्या कपड्यांवर शून्य व्हॅट होता. ४ ते ९ चा पट्टा म्हणजे पावावर आणि बाळाच्या कपड्यांवर कर. लंडनमध्ये आग लागली.

इथे मी थॅचरबाईंची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती पोकळ नव्हती. कर किती बसवायचा हा निर्णय निवडून दिलेल्या संसदेचा, हे तत्त्व इंग्लंडच्या इतिहासात राजाचं डोकं उडवण्याइतकं जुनं आणि महाग आहे. आणि इथे ब्रसेल्समध्ये बसलेला, जनतेने कधीही न निवडलेला एक माणूस सांगतोय की पावावर कर लावा. सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना, ते हे. पुढे आपल्या आठवणींत थॅचरबाईंनी लिहिलं, की कॉकफील्ड मोठे हुशार तंत्रज्ञ होते, पण सार्वभौमत्व, लोकभावना असल्या मोठ्या राजकीय प्रश्नांकडे त्यांचं लक्ष नसे, आणि त्यामुळे ते तिकडचेच होऊन गेले.

कॉकफील्ड यांचं उत्तर त्यांच्या स्वभावाला धरून होतं: हे मी शोधून काढलेलं नाही. अप्रत्यक्ष कर जुळवून घेण्याची गोष्ट मूळ रोमच्या करारात आहे, माझ्या श्वेतपत्रिकेत आहे, आणि ती तुम्ही मिलानला स्वीकारली आहे. तुम्हाला नाक्याशिवायची बाजारपेठ हवी. तिला काय लागतं ते मी सांगतोय.

दोघांचंही बरोबर होतं, आणि तिथेच अडचण होती.

कुणाचा माणूस?

आयुक्त म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवं. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे दिल्लीला असत. ते दिल्लीत राहिले, तिथल्या दरबाराचे बारकावे शिकले, तरी ते पेशव्यांचे. पुण्याहून पत्र येईल तसं बोलायचं. ब्रिटनचा ब्रसेल्समधला राजदूत असाच. पण आयुक्ताचं तसं नाही. आयुक्त झाल्यावर लक्झेंबर्गच्या न्यायालयापुढे जाहीर प्रतिज्ञा करावी लागते, की मी कुठल्याही सरकारकडून सूचना मागणार नाही आणि घेणारही नाही. सरकारांनीही आपल्या आयुक्तावर दबाव आणायचा नाही, हेसुद्धा करारात लिहिलेलं. त्या करारावर ब्रिटनची सही होती.

मात्र तेव्हा मुदत चार वर्षांची होती. आणि चार वर्षांनी परत नाव सुचवायचं की नाही, हे ठरवणार ते मायदेशचं सरकार. म्हणजे प्रतिज्ञा एका बाजूला, नोकरी दुसऱ्या बाजूला. ज्याने ही रचना केली त्याला माणसाचा स्वभाव कळत होता की नव्हता, हे मला आजही ठरवता येत नाही.

१९८८ सालच्या घडामोडी ओळीने बघा. १८ एप्रिलला थॅचरबाई लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये उद्योगपतींना सांगतात, की ३० कोटींहून जास्त लोकांची संपन्न बाजारपेठ तुमच्यासाठी खुली होते आहे, तयारीला लागा. ही कॉकफील्ड यांच्या यादीची जाहिरात. ६ जुलैला दलोर युरोपच्या संसदेत म्हणतात, की दहा वर्षांत आर्थिक कायद्यांपैकी ८० टक्के कायदे युरोपच्या पातळीवर होतील. लंडनमध्ये भडका उडतो. त्याच जुलैमध्ये जाहीर होतं, की कॉकफील्ड यांना दुसरी मुदत मिळणार नाही, त्यांच्या जागी लिऑन ब्रिटन जातील. आणि २० सप्टेंबरला ब्रूजमध्ये थॅचरबाईंचं ते गाजलेलं भाषण होतं, की ब्रिटनमध्ये सरकारचा पसारा आम्ही मागे रेटला तो ब्रसेल्समधून नव्याने लादून घेण्यासाठी नव्हे.

एप्रिलमध्ये ज्या घराची जाहिरात केली, त्याच्या गवंड्याला जुलैमध्ये घरी पाठवलं.

तोपर्यंत यादीतले जवळजवळ ९० टक्के प्रस्ताव आयोगाने मांडून झाले होते. चुकलं काय, तर एवढंच: सांगितलेलं काम त्यांनी पूर्ण केलं. सांगणाऱ्यांना ते निम्मंच हवं होतं.

आणि पुढचा भाग तर जास्तच बोलका आहे. बदली गेलेले लिऑन ब्रिटन हेही थॅचरबाईंचे जुने मंत्री, बाजारपेठेचे कडवे समर्थक. ते ब्रसेल्सला गेले आणि तेही युरोपचे खंदे पुरस्कर्ते ठरले, १९९९ पर्यंत तिथे राहिले. दोन माणसं, एकच अनुभव. मग दोष माणसांत शोधायचा का? माझं मत असं, की बाजारपेठेचे नियम रोज हाताळणाऱ्याला हे दिसू लागतं की नियमांशिवाय बाजारपेठ उभी राहत नाही, आणि नियम म्हटले की ते कुणीतरी एकत्र बसून करावे लागतात. लंडनमधून फक्त बाजारपेठ दिसायची.

मग शेवटी कोण जिंकलं?

व्हॅटचं काय झालं ते सांगतो, कारण त्यात मला फार रस आहे. कॉकफील्ड यांचे पट्टे मंजूर झाले नाहीत. १९९२ मध्ये एवढंच ठरलं, की सर्वसाधारण दर किमान १५ टक्के असावा. ब्रिटनचे शून्य दर टिकले. थॅचरबाईंचं म्हणणं राहिलं.

पण नाकी तर १ जानेवारी १९९३ ला उठली! मग हिशोब कुठे गेला? कंपन्यांच्या वह्यांत. कुणी कुणाला किती माल विकला हे कंपन्यांनी कळवायचं आणि देशांच्या कर खात्यांनी संगणकाच्या जाळ्यावरून एकमेकांशी पडताळून पाहायचं. म्हणजे कॉकफील्ड यांना जे दर जवळ आणल्याशिवाय अशक्य वाटत होतं, ते बरंचसं एका डेटाबेसने केलं. इथे त्यांचा अंदाज चुकला. मात्र या व्यवस्थेला नाव दिलं होतं 'तात्पुरती', मुदत होती १९९६ अखेर, आणि ती अजून चालूच आहे. शिवाय तिच्यातल्या फटीतून एक नवा धंदा निघाला. सीमेपलीकडून विनाव्हॅट माल आणायचा, देशात व्हॅट लावून विकायचा आणि तो व्हॅट सरकारला न भरता गायब व्हायचं. मोबाइल फोन आणि चिप यांसारखा छोटा, महागडा माल या फसवणुकीत गोल गोल फिरवला गेला. एकाच कामाची यादी अर्धी पूर्ण केली की उरलेल्या अर्ध्याची किंमत कुणीतरी मोजतंच. तेव्हा या प्रश्नावर कॉकफील्डही थोडे बरोबर होते.

यादीतली ९० टक्क्यांहून जास्त कामं १९९२ अखेर मंजूर झाली. कॉकफील्ड तोवर निवृत्त होऊन लॉर्डांच्या सभागृहात बसत होते. १९९४ मध्ये त्यांनी सिंगल मार्केटच्या घडणीवर पुस्तक लिहिलं. जानेवारी २००७ मध्ये ते गेले, वय नव्वद. २०१६ चं सार्वमत त्यांनी पाहिलं नाही.

पाहिलं असतं तर त्यांना नवीन काही वाटलं नसतं. सार्वमतानंतर साडेचार वर्षं लंडनमध्ये जो घोळ चालला, तो मुळात त्यांचाच जुना प्रश्न होता: नियम नकोत, पण विनाअडथळा व्यापार हवा, हे जमतं का? सगळ्यात बिकट जागा होती आयर्लंडची सीमा. तिथली मालाची कस्टम नाकी सिंगल मार्केटमुळे १९९३ च्या सुरुवातीला उठली होती. ब्रिटन बाहेर पडणार म्हटल्यावर ती परत बसवायची वेळ आली, आणि तिथल्या रक्तरंजित इतिहासामुळे ती बसवायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी उत्तर आयर्लंडला मालापुरतं युरोपच्या नियमांत ठेवलं आणि तपासणी समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये आणली. नाकं कुठेतरी लागतंच. कॉकफील्ड १९८५ पासून तेच सांगत होते.

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री, ब्रसेल्समध्ये बारा आणि लंडनमध्ये अकरा वाजता, ब्रिटन सिंगल मार्केटमधून बाहेर पडला. दुसऱ्या दिवसापासून युरोपकडे माल नेणाऱ्या ट्रकांना कस्टमचे कागद परत लागू झाले. आणि त्यातले बहुतेक ट्रक कुठल्या बंदरातून जातात? डोव्हर. लॉर्ड कॉकफील्ड यांच्या किताबातलं गाव, त्यांच्या शाळेचं गाव.

मला या गोष्टीत कुणाला खलनायक करायचा नाहीये. थॅचरबाईंनी विचारलेला प्रश्न, म्हणजे न निवडलेल्या माणसाने कर का ठरवावा, आजही अवघड आहे. कॉकफील्ड यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते फारसं शोधलंही नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली जी राजकारणात क्वचित होते: ज्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या, तो त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत खरा मानला. पाठवणाऱ्यांशी बेइमानी म्हणा किंवा कामाशी इमान. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत घरातला एखादा चार्जर उलटा करून ते चिन्ह शोधा. नमस्कार.